वखारीचा रस्ता

पाऊस जायचं नाव घेत नव्हता आणि पानं गळायला लागली होती. दोन्ही एकदम आल्यानं ड्रायव्हरच्या कमरेचे हाल झाले होते. सुकं पान खराट्याच्या एका हाताबरोबर बाजूला होतं. भिजलेलं पान डांबराला चिकटून बसतं. ते फावड्याच्या कडेनं खरवडायचं, ढीग करायचा, ढीग हातगाडीत भरायचा आणि गाडी उतारावर नेऊन ओतायची. मागे वळून बघावं तर झाडांनी तेवढीच पानं पुन्हा टाकलेली.

पानं राहिली की सायकली घसरायच्या. म्हणून तर त्याला ठेवलं होतं.

ट्रक जाऊन दोन वर्षं झाली तरी त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. खिडकीबाहेर काढून काढून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत रापला होता, तो अजून तसाच होता. या रस्त्यानं त्यानं उमेदीची सगळी वर्षं लाकूड वाहिलं. वरच्या रानात तोड व्हायची, ओंडके ट्रकवर चढायचे आणि नदीच्या कडेकडेनं, रानातून, खाली वखारीत जाऊन पडायचे. मग तोडीवर बंदी आली. वखार बंद झाली. मालकानं ट्रक विकून टाकले. रस्ता तेवढा उरला, तो सरकारनं सायकलींना देऊन टाकला. ड्रायव्हरच्या घरापुढेच, रस्त्याच्या तोंडाशी, तीन लोखंडी खांब रोवले. मधल्या खांबाला कुलूप. शेजारी पाटी – मोटारगाड्यांना बंदी.

तेव्हापासून लांबलांबून माणसं यायला लागली. सायकलच्या मागच्या चाकाला दोन्हीकडून पिशव्या लटकवलेल्या, डोक्यावर टोपरं, अंगात भडक जाकिटं. दिवसचे दिवस सायकल चालवत यायची आणि इथं आली की खांबांना हात लावून फोटो काढायची. "काका, नशीबवान आहात," घाम पुसत म्हणायची. "ना गाडी, ना हॉर्न, ना धूर. रान आणि नदी. अशा रस्त्यावर राहायला मिळतं तुम्हाला."

"हो ना," म्हणून ड्रायव्हर फावडं पुढे ढकलायचा.

रस्ता झाडायला ठेवताना सरकारी खात्यानं त्यालाही एक सायकल दिली होती. तिच्या दांडीला खराटा बांधून तो ती हातानं ढकलत न्यायचा आणि ढकलत आणायचा. लोकांना वाटायचं, सामान आहे म्हणून ढकलतोय. खरं म्हणजे त्याला सायकल येतच नव्हती. मिसरूड फुटायच्या आत तो क्लीनर म्हणून ट्रकवर चढला आणि तिथून थेट स्टिअरिंगवर बसला; मधली पायरी राहूनच गेली. हे बायकोला माहीत होतं. पण तिनं कधी चारचौघांत काढलं नाही.

बायको या नव्या रहदारीला लगेच सरावली. कुणी पाणी मागितलं तर तिनं पाणी दिलं, कुणी चहाचं विचारलं तर चहा केला, आणि महिन्याभरात पडवीत दोन बाकडी आली. चहा, पाव, उकडलेली अंडी. पुढच्या चढाला किती वेळ लागेल, नदीत कुठं उतरता येईल, हे सगळं ती ऐकीव माहितीवर सांगायची, कारण खांबापलीकडे पहिल्या वळणापुढे ती स्वतः कधी गेलीच नव्हती.

"घराचं हॉटेल केलंस," ड्रायव्हर म्हणाला.

"मग काय गॅरेज करू? ट्रक कुठाय?"

ड्रायव्हर खराटा उचलून बाहेर पडला.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वखारीच्या आवाराबाहेर दोन खोल्यांत तिची धाकटी बहीण राहायची. धाकटीचा नवरा वखारीत करवतीवर होता. तो गेला, मूलबाळ नव्हतं, पण वखारीनं खोल्या काढून घेतल्या नाहीत म्हणून ती तिथंच राहिली. ट्रकनं अर्ध्या तासाची वाट. बसनं जायचं तर डोंगर चढून पलीकडे उतरायचं, गाडी बदलायची, अख्खा दिवस मोडायचा. त्यात बायकोला बस लागायची. पदराला लिंबू बांधून ती बसायची आणि तरी दुसऱ्या वळणाला खिडकीतून डोकं बाहेर.

ट्रक चालू होता तेव्हा तिनं किती वेळा म्हटलं होतं, मला न्या एकदा. आधी ड्रायव्हर म्हणायचा, ट्रकमध्ये बायकामाणूस बसवलं तर मालक काय म्हणेल. पुढे एकदा मालकच चहा प्यायला घरी आला आणि म्हणाला, वहिनींना बहिणीकडे सोडत जा की. तेव्हापासून कारणं बदलली. आज माल जास्त आहे. आज क्लीनर आजारी आहे, घाईत आहे. पुढच्या फेरीला नेतो. खरं कारण त्यालाही धड सांगता आलं नसतं. केबिनमध्ये तो एकटा असायचा. मोठ्यानं गाणी म्हणायचा, शिव्या द्यायचा, वाटेल तिथं गाडी लावून नदीकडे बघत बसायचा. तिथं घर येऊन बसलेलं त्याला नको होतं.

म्हणून वस्तू गेल्या. स्वेटर गेला, मधाची बाटली गेली, खोकल्याचं औषध गेलं. बायको गेली नाही. दोघी बहिणी भेटल्या त्या दोन लग्नांत आणि एका मयताला.

या वर्षीच्या पावसात डोंगराचा एक भाग बसच्या रस्त्यावर येऊन पडला आणि बससकट त्या बाजूच्या सगळ्याच गाड्या बंद झाल्या. त्याच सुमाराला धाकटीचा फोन आला.

"ताई, पाय सुजलेत गं. बोट दाबलं की खड्डा पडतो. विहिरीपर्यंत गेलं तरी दम लागतो."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"हृदय दमलंय म्हणाला. गोळ्या दिल्यात. मी म्हटलं, मी एवढं काम करते ती नाही दमत, ते का दमलं?"

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बघत राहिली.

"अहो, ही चालवायला शिकते मी."

"या वयात?"

"म्हणजे पुढच्या वयात शिकू? मागून सीट धरा तेवढी."

दुपारची वेळ होती. पडवीत पाचसहा प्रवासी चहा पीत होते. तिनं साडी वर खोचली आणि सायकलीवर बसली. ड्रायव्हरनं दोन्ही हातांनी सीट धरली. आपल्याला न येणारी गोष्ट आपण शिकवतोय, हे पडवीतल्या कुणाला कळेल का, याच काळजीत तो होता. प्रवासी ओरडत होते, "काकू, खाली बघू नका, पुढे बघा!" थोडं अंतर गेल्यावर त्याचे हात सुटले. सोडले की सुटले, कोण जाणे. ती चार हात सरळ गेली, मग हँडल लटपटलं आणि ती त्यानंच सकाळी केलेल्या ओल्या पानांच्या ढिगात सायकलीसकट जाऊन पडली.

"ब्रेक एकदम भारी हं काकू!" एक जण म्हणाला. सगळे हसले. आणि सगळ्यांत मोठ्यानं ड्रायव्हर हसला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ड्रायव्हरची बायको, आणि गाडी लावली कुठं तर उकिरड्यात!"

ती उठली. कोपर फुटलं होतं. केसांतली पानं तिनं एकेक करून काढली, आत गेली आणि ज्यांचा दुसरा चहा सांगितलेला होता त्यांना तो आणून दिला.

पुन्हा तिनं त्याला सीट धरायला सांगितलं नाही. तो सकाळी हातगाडी घेऊन कामाला गेला की ती सायकल काढायची. त्याला कळायचं ते तिच्या नडगीवरच्या खपल्यांवरून, आणि संध्याकाळी ती गुडघ्याला तेल चोळायची त्यावरून. एक दिवस तो वाकून पानं खरवडत असताना मागून घंटी वाजली. सवयीनं तो बाजूला झाला. बायको होती. पुढे पिशवीत भाजी, पाठ ताठ, नजर समोर. तिनं वळून पाहिलं नाही. पण घंटी आणखी एकदा वाजवली, उगाचच, आणि उतारानं निघून गेली. ड्रायव्हर फावडं धरून उभा राहिला. हसावं की रागवावं हे त्याला ठरवता आलं नाही.

नंतरच्या आठवड्यात धाकटीचा आवाज फोनवर तुटक यायला लागला. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. बायकोनं फोन ठेवला आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तिला दवाखान्यात न्यायला हवं. टेम्पोवाल्याला विचारलंय मी, तो यायला तयार आहे. तुम्ही मुकादमाकडून खांब काढून घ्या. किल्ली त्याच्याकडेच असते."

"विचारतो."

"पहिल्याच दिवशी म्हणाला होता तो, अडीनडीला काढून देईन म्हणून. इथंच बसून म्हणाला होता."

"विचारतो म्हटलं ना."

मुकादम तरुण होता. खात्याच्या लहान व्हॅनमधून यायचा, खांबांशी गाडी लावायचा आणि आत चालत जाऊन काम बघायचा. त्या सकाळी तो आला तेव्हा नेमकी एक प्रवासी बाई लंगडत बाहेर येत होती. दुसऱ्या वळणावर पानांवरून तिची सायकल घसरली होती. गुडघा सोलून निघाला होता. बरोबरचे लोक चिडलेले.

"काका, झोपा काढता का?" मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला. "ते वळण काल झाडायला सांगितलं होतं की नाही?"

"झाडलं होतं. रात्री वारा सुटला."

"वाऱ्याला नोटीस पाठवू का मी? मॅडमना सॉरी म्हणा."

ड्रायव्हरनं त्या बाईकडे बघितलं. त्याची मुलगी शोभेल अशा वयाची होती. "चुकलं," तो म्हणाला. बाईच बिचारी ओशाळली. "राहू द्या हो," म्हणाली.

ते लोक गेले. मुकादम व्हॅनशी गेला, दार उघडलं, आणि ड्रायव्हर तिथंच उभा आहे हे पाहून थांबला. "अजून काही आहे का काका?"

किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला होता. ड्रायव्हरच्या कानशिलाशी अजून गरम लागत होतं. चुकलं म्हणालेल्या तोंडानं लगेच दुसरं काही मागायचं त्याच्यानं होईना.

"नाही. काही नाही."

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"नाही म्हणाला? का?"

"नियम आहे म्हणाला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "माणूस बरा वाटला होता," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवीत दोन साड्या, गोळ्या, पाव आणि उकडलेली अंडी घातली, पिशवी सायकलीच्या मागे दोरीनं आवळली. पाऊस भुरभुरत होता.

"रस्ता ओला आहे," ड्रायव्हर म्हणाला. "वळणांवर सगळी पानं आहेत."

"मग झाडा."

खांबांच्या मधून ती गेली. पहिल्या वळणापर्यंत तो हातगाडी टाकून नुसता खराटा घेऊन मागोमाग पळाला, पण पाठ दिसेनाशी झाली तेव्हा थांबला. मग दिवसभर त्यानं तो रस्ता झाडला. ती ज्या वळणांवरून केव्हाच पुढे गेली होती ती वळणंसुद्धा झाडली.

संध्याकाळी फोन आला. "पोचले. दोनदा पडले, काही लागलं नाही फारसं." मग तिचा आवाज खाली आला. "अहो, हिची अवस्था चांगली नाही. आडवंच होता येत नाही हिला. बसूनच आहे, भिंतीला टेकून. वखारीचा वॉचमन म्हणतो, गाडी असेल तर आत्ता नेऊ. तुम्ही पुन्हा एकदा विचारून बघा ना मुकादमाला. पाया पडा त्याच्या."

"बघतो," ड्रायव्हर म्हणाला.

मुकादमाचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. त्यानं तो काढला. पाहिला. काल नाही म्हणाला असं सांगितलेला माणूस आज एका फोनवर हो म्हणाला, तर बायकोला काय सांगायचं? काहीतरी सांगता आलं असतं. साहेबाला विचारलं म्हणाला, असं सांगता आलं असतं. पण ते त्याला तेव्हा सुचलं नाही, ते दुसऱ्या दिवशी सुचलं. पाऊस आहे, अंधार पडलाय, मुकादम गावात राहतो, सकाळी सकाळी जाऊ, असं म्हणत त्यानं फोन उशाशी ठेवला.

उजाडायच्या आत तो मुकादमाच्या दारात होता. मुकादम तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आला. ऐकता ऐकता त्यानं चूळ भरून टाकली.

"अहो काका, मग परवा का नाही बोललात? मी विचारलं ना, अजून काही आहे का म्हणून?"

ड्रायव्हरनं तोंडावरचं पावसाचं पाणी पुसलं.

"बसा गाडीत."

खांब गंजून बसला होता. मुकादमानं दगडानं ठोकून कुलूप मोकळं केलं, दोघांनी मिळून खांब वर उचलला आणि गवतात आडवा टाकला. काम झटक्यात झालं. व्हॅन आत शिरली. इतक्या वर्षांत ड्रायव्हर या रस्त्यावर डाव्या बाजूच्या सीटवर पहिल्यांदाच बसला होता. प्रत्येक वळणाला त्याचा पाय आपोआप क्लच दाबायला जायचा आणि नुसत्या पत्र्यावर आपटायचा. चाकांखालून पानं उडत होती. नदी गढूळ, काठोकाठ चालली होती. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेच्या चिखलात सायकल घसरल्याची लांब रेघ होती आणि तिच्या टोकाला हात टेकल्याचा ठसा.

वखारीबाहेरच्या खोल्यांशी व्हॅन थांबली. वॉचमन पायरीवर टोपी हातात घेऊन बसला होता. तो उठला नाही. सायकल भिंतीला टेकवलेली. दारात बायको उभी होती.

तिनं आधी ड्रायव्हरकडे पाहिलं नाही. व्हॅनकडे पाहिलं, तिच्या चाकांना चिकटलेल्या पानांकडे पाहिलं.

"निघाला वाटतं खांब," ती म्हणाली.

मुकादमाला काहीच माहीत नव्हतं. तो भाबडेपणानं पुढे झाला. "काकू, मला परवा नुसतं कळवलं असतंत ना, तर तेव्हाच काढून दिला असता. काका बोललेच नाहीत. कशा आहेत आता त्या?"

"गेली पहाटे," बायको म्हणाली. "माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मला वाटलं डोळा लागला."

मुकादमानं ड्रायव्हरकडे बघितलं आणि मान खाली घातली. ड्रायव्हर व्हॅनचं दार धरून उभा होता. दार लावायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

धाकटीचं जे करायचं ते सगळं त्याच दिवशी झालं. माणसं थोडीच होती. मुकादम शेवटपर्यंत थांबला आणि जाताना म्हणाला, परत यायचं असेल तेव्हा फोन करा, मी गाडी घेऊन येईन.

दोघं तिथं काही दिवस राहिली. बायकोनं धाकटीची भांडी घासून पालथी घातली, कपडे धुऊन घड्या केल्या, वॉचमनच्या सुनेला काय लागेल ते देऊन टाकलं. ड्रायव्हर सांगितलेलं करायचा. विहिरीचं पाणी आणायचा, जळण फोडायचा. खांबाचा विषय ती काढत नव्हती. तिनं काढावा, वाटेल ते बोलावं, असं त्याला वाटायचं. ती त्याला जेवायला वाढायची, पुरे का विचारायची, आणि पुन्हा कामाला लागायची.

एका दुपारी ओट्यावर घड्या घालता घालता ती म्हणाली, "इथून जाताना तुम्ही हॉर्न वाजवायचात ना?"

"हो. रोज. मी चाललोय हे तिला कळावं म्हणून."

"हातातलं काम टाकून बाहेर यायची म्हणे ती."

"यायची. दारात उभी राहायची. हात करायची मला." ड्रायव्हरला ते स्पष्ट आठवत होतं. पदराला हात पुसत बाहेर येणारी धाकटी, आणि आपण खिडकीतून काढलेला हात. दिवसातली तेवढी एक गोष्ट त्याला फार आवडायची.

"तुम्हाला बघायला नाही यायची," बायको म्हणाली. तिच्या आवाजात धार नव्हती. "मी आले त्या दिवशी बोलली माझ्याशी, दम खात खात. म्हणाली, हॉर्न वाजला की वाटायचं, आज भावजींच्या शेजारी ताई बसलेली असेल. रोज वाटायचं म्हणाली. मग ट्रक जवळ आला की दिसायचं, नाहीये. मग काय करणार, बाहेर आलेच आहे तर हात करायची." तिनं साडीची घडी मांडीवर दाबून बसवली. "हसत सांगितलं हो तिनं. तुमच्यावर राग नव्हता तिचा."

ड्रायव्हर उठला आणि जळणाकडे गेला. फोडायचं काही उरलं नव्हतं. फोडलेल्या ढलप्या उचलून तो नीट रचत बसला.

निघायच्या सकाळी आभाळ मोकळं झालं होतं. बायकोनं पिशवी सायकलीला बांधली. "तुम्ही मुकादमाला फोन करा," ती म्हणाली. "मी हिच्यावरून जाते."

त्यानं फोन केला नाही. ती निघाली तसा तोही चालायला लागला. पहिल्या चढाशी ती उतरली आणि सायकल ढकलू लागली, तिथं त्यानं तिला गाठलं. चढ संपला तरी ती पुन्हा बसली नाही. मग दोघं चालतच राहिली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रान. वरून पानं येत होती, एकदोन, एकदोन.

"हे आंधळं वळण," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आम्ही ड्रायव्हर लोक म्हणायचो. समोरचं दिसत नाही म्हणून." तिनं मान हलवली. पुढे तो म्हणाला, "इथं खाली डोह आहे. मी गाडी लावून बसायचो कधी कधी. उन्हाळ्यात तळ दिसतो."

ती थांबून डोहाकडे बघत राहिली. "येताना काहीच दिसलं नाही," ती म्हणाली. "खाली पानांकडेच बघत होते."

मागून घंट्या वाजल्या. पिशव्या लटकवलेली चारपाच जणं हसत, बोलत बाजूनं निघून गेली. त्यांतली एक मुलगी वळून ओरडली, "काय सुंदर आहे ना काकू!" बायकोनं तिला हात केला.

ड्रायव्हरचा गुडघा दुखायला लागला होता. घर अजून बरंच लांब होतं.

"त्या दिवशी मी मुकादमाला विचारलंच नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तोंडच उघडलं नाही माझं."

चाकाचा टकटक आवाज तेवढा येत होता. पुढे लांब सरळ उतार होता. बसली असती तर पाय न मारता पार खालच्या वळणापर्यंत गेली असती.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "माझ्यामुळे उशीर होतोय तुला."

"आता कसली घाई आहे?" ती म्हणाली, आणि हँडल धरून त्याच्या चालीनं चालत राहिली.